इफ्रिन-बी२ : गर्भ घडवणारं प्रथिन आणि निपाचा विषाणू – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केरळातून निपाची बातमी आली की सोलापुरात मला दोन प्रकारची माणसं गाठतात. पहिली म्हणजे झूलॉजी-बायोटेकची पोरं. त्यांच्या अभ्यासक्रमात 'सेल सिग्नलिंग', म्हणजे पेशी एकमेकींना संदेश कसे देतात ते, असतं आणि ते कुणालाच आवडत नाही. दुसरी म्हणजे पालक, बागायतदार आणि सकाळी फिरायला येणारी मंडळी. डाळिंब खायचं की नाही, चिंचेवरची वटवाघळं हाकलायची का, हे त्यांना विचारायचं असतं. दोघांचे प्रश्न थोडे खोदले की एकाच प्रथिनापाशी येऊन थांबतात, म्हणून सगळी उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. काही लांब आहेत, काही दोन ओळींची. विषय जिथं खरोखर रंगतो तिथं मी हात आखडता घेतलेला नाही.

इफ्रिन-बी२ म्हणजे नेमकं काय?

पेशीच्या पटलात रोवलेलं एक प्रथिन. त्याचा एक भाग पेशीबाहेर डोकावतो, मधला छोटा भाग पटलातून आरपार जातो आणि शेपूट पेशीच्या आत असते. लांबी सगळी मिळून ३३३ अमिनो आम्लं (प्रथिनाच्या माळेतले मणी), म्हणजे प्रथिनांच्या जगात मध्यम चणीचं. त्याचं जनुक माणसाच्या १३व्या गुणसूत्रावर आहे.

माणसात इफ्रिन आठ आहेत: पाच 'ए' गटातले, तीन 'बी' गटातले. 'ए' गटातल्यांना आत शेपूट नसते, ते पटलाच्या बाहेरच्या थराला चिकटून असतात. 'बी' गटातले आरपार जातात. हे इफ्रिन ज्यांना जाऊन भिडतात ते रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची संदेश पकडणारी प्रथिनं, हे 'इफ' घराणं. ते सस्तन प्राण्यांत चौदा जणांचं आहे आणि टायरोसिन कायनेज रिसेप्टरांमध्ये (प्रथिनांवर फॉस्फेट चढवून संदेश आत पोचवणाऱ्या रिसेप्टरांमध्ये) सर्वांत मोठं. त्यातला पहिला सदस्य १९८७ साली यकृताच्या कर्करोगाच्या पेशींत सापडला. गर्भाच्या वाढीशी याचा इतका जवळचा संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

हे इन्सुलिनसारखं रक्तातून फिरतं का?

नाही, आणि परीक्षेत पोरं हमखास इथंच गुण घालवतात. इन्सुलिन एका अवयवात तयार होतं आणि रक्तातून दूरवर जाऊन काम करतं. इफ्रिन-बी२ आणि त्याचा रिसेप्टर दोघंही आपापल्या पेशीला बांधलेले असतात. दोन पेशी एकमेकींना टेकल्याशिवाय संदेश जात नाही.

टेकल्यावर संदेश दोन्ही बाजूंनी जातो. शेताच्या बांधावर दोन भाऊबंद समोरासमोर आले की एक बोलला, दुसरा नुसता ऐकून घरी गेला असं कधी होतं का? इथंही तसंच. इफ रिसेप्टर असलेल्या पेशीत आत फॉस्फेटची देवाणघेवाण सुरू होते, आणि त्याच वेळी इफ्रिन-बी२ची शेपूट तिच्या स्वतःच्या पेशीलाही खबर देते. पहिल्याला पुढचा संदेश म्हणतात, दुसऱ्याला उलटा. बहुतेक वेळा परिणाम असा की पेशीचा आतला सांगाडा आकसतो आणि ती मागं सरकते. काही ठिकाणी मात्र हीच जोडी पेशींना एकत्र धरूनही ठेवते, त्यामुळे 'इफ्रिन म्हणजे दूर ढकलणारं प्रथिन' एवढंच लिहिलं तर उत्तर अर्धं राहतं.

अजून एक. एकेकटा रेणू एकेकट्या रेणूला भेटून फारसं काही होत नाही. दोन्ही बाजूंचे रेणू घोळक्यानं जमावे लागतात, तेव्हा संदेश जोर धरतो.

गर्भात याचं सर्वांत मोठं काम कोणतं?

रोहिणी कोणती आणि नीला कोणती, हे ठरवण्यात हात.

शाळेत आपण शिकलो की रोहिणी हृदयाकडून रक्त नेते, तिची भिंत जाड. नीला रक्त परत आणते, तिची भिंत पातळ. फार वर्षं समज असा होता की हा फरक रक्ताच्या दाबामुळे आणि प्रवाहामुळे नंतर पडतो. १९९८ साली अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये डेव्हिड अँडरसन यांच्या प्रयोगशाळेनं उंदराच्या गर्भात दाखवून दिलं की होणाऱ्या रोहिणीच्या पेशींवर इफ्रिन-बी२ असतं आणि होणाऱ्या नीलेच्या पेशींवर त्याचा जोडीदार इफ-बी४. रक्तवाहिन्यांचं जाळं अजून नीट आकारालाही आलेलं नसतं, तेव्हाच ही वाटणी दिसते.

इफ्रिन-बी२चं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत सुरुवातीचं कच्चं जाळं तयार होतं. पण त्यातून मोठ्या वाहिन्या, फांद्या, बारीक फाटे असा व्यवस्थित फुटवा होत नाही. गंमत म्हणजे बिघाड फक्त रोहिण्यांत होत नाही, नीलाही बिघडतात, कारण बोलायला समोर कुणी उरलेलं नसतं. असा गर्भ साधारण अकराव्या दिवसाच्या सुमारास मरतो. उंदराचा गर्भकाळच तीन आठवड्यांच्या आत संपतो.

मग प्रवाहाचं काहीच महत्त्व नाही का? आहे. २००४ साली कोंबडीच्या गर्भात रोहिणी बांधून रक्ताची दिशा बदलल्यावर वाहिन्यांची ओळखही बदलली, रोहिणीच्या खुणा गेल्या आणि नीलेच्या आल्या. म्हणजे जनुकातून आलेली ओळख सुरुवातीला असते, पण प्रवाह ती टिकवतो किंवा पुसतो. मला स्वतःला या सगळ्या विषयात हा भाग सर्वांत देखणा वाटतो. पाठ्यपुस्तकात तो एका वाक्यात उरकलेला असतो याची चिडही येते.

हे डोळ्यांनी बघता येईल का?

प्रथिन नाही, पण त्यानं घडवलेलं जाळं बघता येतं, आणि खर्चही नगण्य.

गावरान कोंबडीचं अंडं घ्या, ज्या खुराड्यात कोंबडा आहे तिथलं. किराणा दुकानातलं अंडं चालणार नाही, ते फळलेलं नसतं. कॉलेजच्या इन्क्युबेटरमध्ये साधारण ३८ अंशांवर, आत ओलावा राहील असं बघून, तीन दिवस आडवं ठेवा. मग वरच्या बाजूनं कवचाला जपून छोटी खिडकी पाडा. पिवळ्या बलकावर लाल धाग्यांची वर्तुळाकार जाळी पसरलेली दिसते आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी धडधडत असतं. ते हृदय. जाळीत जाड दांडे कुठले, बारीक फाटे कुठले हे भिंगाशिवायही कळतं. पहिल्यांदा बघणारी पोरं एकदम गप्प होतात आणि मग सगळी एकदम मोबाईल काढतात. शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा, आणि तुमच्या कॉलेजचे प्राण्यांवरच्या प्रयोगांचे नियम आधी विचारून घ्या.

रक्तवाहिन्यांखेरीज आणखी कुठं कामाला येतं?

बऱ्याच ठिकाणी. लसीकावाहिन्यांतल्या झडपा तयार व्हायला ते लागतं. हाडात, झीज करणाऱ्या पेशींवर इफ्रिन-बी२ आणि भर घालणाऱ्या पेशींवर इफ-बी४ असं आढळलं आहे, त्यातून दोघींचा समतोल राहायला मदत होते. गर्भाच्या मागच्या मेंदूत शेजारशेजारचे कप्पे एकमेकांत मिसळू नयेत म्हणूनही इफ आणि इफ्रिनच सीमेवर उभे असतात.

पण सगळ्यांत लक्षात राहण्यासारखं काम डोळ्यांचं. दोन्ही डोळ्यांकडून निघालेले चेतातंतू मेंदूच्या तळाशी एका चौकात येतात. काही पलीकडे जातात, काही आपल्याच बाजूला वळतात. उंदरात या चौकाच्या मध्यरेषेवर इफ्रिन-बी२ असतं. ज्या तंतूंवर इफ-बी१ हा रिसेप्टर असतो ते तिथं अडतात आणि मागं वळतात. ज्यांच्यावर नसतो ते सरळ पलीकडे निघून जातात. दोन्ही डोळ्यांची माहिती मेंदूच्या एकाच बाजूला येते ती या वळणाऱ्या तंतूंमुळे. वस्तू किती लांब आहे याचा अचूक अंदाज यायला ते गरजेचं असतं.

या घराण्यातलं जनुक बिघडलं तर मूल कसं जन्मतं?

इफ्रिन-बी१ची गोष्ट सांगतो. हा बी२चा सख्खा भाऊ, पण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ते बिघडलं की एक दुर्मीळ विकार होतो: दोन डोळ्यांत जास्त अंतर, नाकाच्या शेंड्याला खाच, कवटीचा एक सांधा वेळेआधी जुळलेला.

एक्स गुणसूत्रावरच्या बिघाडाचा जास्त फटका साधारणपणे मुलांना बसतो, कारण त्यांच्याकडे एकच एक्स असतो. रक्त न गोठण्याचा आजार हिमोफिलिया हे त्याचं नेहमीचं उदाहरण. इथं मात्र उलटं आहे. मुलींना त्रास जास्त, मुलांना कमी, बऱ्याचदा अगदी किरकोळ. कारण असं की मुलीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपलेला असतो. कुठं चांगला झोपलेला, कुठं बिघडलेला. त्यामुळे तिच्या ऊतीत इफ्रिन-बी१ असलेल्या आणि नसलेल्या पेशींचे ठिपके शेजारीशेजारी तयार होतात. या दोन जातीच्या पेशी एकमेकींपासून दूर सरकतात आणि जिथं सीमा नको तिथं सीमा पडते. मुलात सगळ्याच पेशी सारख्या बिघडलेल्या, म्हणून भांडायला कुणी नाही, आणि घराण्यातली इतर प्रथिनं बरंचसं सांभाळून घेतात.

हे एवढ्या विस्तारानं लिहिण्यामागे कारण आहे. प्रथिन 'आहे की नाही' यापेक्षा शेजारच्या पेशीवर काय आहे हे इथं जास्त महत्त्वाचं ठरतं, आणि ही गोष्ट या विकाराइतकी स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. शिवाय चेहऱ्यात व्यंग घेऊन मूल जन्मलं की आपल्याकडे आईनं ग्रहणात काय चिरलं याची चौकशी अजून होते. ती बंद व्हावी.

इफ-बी४ बिघडलं तर रोहिणी आणि नीला मधल्या केशवाहिन्यांना वगळून थेट जोडल्या जाण्याचे विकार होऊ शकतात. इफ-ए२ बिघडलं तर जन्मजात मोतीबिंदू.

निपाचा याच्याशी संबंध काय?

निपा विषाणू पेशीत शिरण्यासाठी इफ्रिन-बी२लाच चिकटतो.

मलेशियात १९९८-९९ साली डुकरं पाळणाऱ्या लोकांत मेंदूज्वराची साथ आली. २६५ रुग्ण, १०५ मृत्यू. साथ आटोक्यात आणायला दहा लाखांहून जास्त डुकरं मारावी लागली. त्याचा भाऊबंद हेंड्रा विषाणू त्याआधी १९९४ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ घोड्यांत आणि माणसांत सापडला होता. भारतात २००१ साली सिलिगुडीत, २००७ साली नादिया जिल्ह्यात आणि मे २०१८मध्ये कोझिकोड-मलप्पुरम भागात निपा आला. केरळात तो त्यानंतरही अधूनमधून डोकं वर काढतो आहे.

विषाणू नेमका कशाला चिकटतो हे २००५ साली अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी शोधून काढलं. उत्तर: इफ्रिन-बी२. पुढच्याच वर्षी इफ्रिन-बी३ हाही त्याला चालतो हे कळलं.

विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रथिनं असतात. एक इफ्रिनला पकडतं. पकड बसली की दुसरं उलगडतं आणि विषाणूचं आवरण पेशीच्या पटलात मिसळवून टाकतं. पुढची गोष्ट जास्त वाईट. लागण झालेल्या पेशीवरही हीच दोन प्रथिनं उगवतात, त्यामुळे ती पेशी शेजारणीच्या इफ्रिनला धरून तिच्यात विलीन होते. अशा अनेक पेशी मिळून अनेक केंद्रकांची एक अवाढव्य पेशी बनते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात हे घडलं की तिथं सूज येते, गुठळ्या होतात आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो.

निपात मेंदू आणि फुफ्फुसच का बिघडतात?

रुग्णाची लक्षणं आणि इफ्रिन कुठं कुठं असतं याचा नकाशा शेजारी ठेवा, बराचसा मेळ बसतो. इफ्रिन-बी२ रोहिण्यांच्या अस्तरावर आणि चेतापेशींवर भरपूर. फुफ्फुसातल्या बारीक वाहिन्यांत विषाणू वाढला की धाप लागते. मेंदूतल्या वाहिन्यांत आणि चेतापेशींत वाढला की ताप, डोकेदुखी, गुंगी, झटके, बेशुद्धी. इफ्रिन-बी३ मेंदूच्या खोडात असतं, जिथून श्वास आणि हृदयाचे ठोके चालतात. काही रुग्णांत मेंदूच्या खोडाचं काम ढासळतं त्याचा संबंध याच्याशी लावला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दगावण्याचं प्रमाण ४० ते ७५ टक्के, साथीनुसार आणि उपचार किती लवकर मिळाले त्यानुसार कमीजास्त. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा ४ ते १४ दिवस लागतात.

विषाणूला हेच प्रथिन का सापडलं?

'सापडलं' हा शब्द ठीक आहे, 'निवडलं' म्हणू नका. विषाणू काही मंडईत भाजी निवडत नाही. पण हे प्रथिन त्याच्या फार सोयीचं आहे, आणि माझ्या मते निपा समजून घ्यायचा तर मुद्दा हाच आहे.

इफ्रिन-बी२च्या पृष्ठभागावर एक वळसा बाहेर आलेला असतो. इफ-बी४सारखे रिसेप्टर याच वळशाला धरतात. निपाचं प्रथिनही नेमका हाच वळसा धरतं, आणि पकड विलक्षण घट्ट असते. आता विचार करा, यातून वाचण्यासाठी प्राण्यांच्या शरीरानं काय करायचं? वळसा बदलायचा, म्हणजे निपाची पकड सुटेल. पण त्याबरोबर इफ-बी४चीही सुटेल, आणि मग रक्तवाहिन्याच धड तयार होणार नाहीत. असा गर्भ जन्मालाच येत नाही. म्हणून हा भाग उत्क्रांतीत जवळपास जसाच्या तसा राहिला आहे. वटवाघूळ, डुक्कर, घोडा, मांजर, कुत्रा, माणूस, सगळ्यांचं इफ्रिन-बी२ निपाला चालतं. वटवाघळातून डुकरात आणि डुकरातून माणसात उडी मारताना त्याला या बाबतीत नवीन काही शिकावंच लागत नाही.

पुष्कळ लोक विचारतात, 'शरीराची ही कमजोर बाजू आहे का?' माझं म्हणणं उलटं आहे. ही शरीराची अशी बाजू आहे जी बदलणं परवडत नाही.

मग उंदराला निपा का होत नाही? त्याच्याकडेही तेच प्रथिन आहे ना?

हा प्रश्न एका बी.एस्सी.च्या मुलीनं विचारला होता आणि तो या पानावरचा सर्वांत हुशार प्रश्न आहे. उंदराचं इफ्रिन-बी२ विषाणूला चालतं, तरी साधा उंदीर आजारी पडत नाही. इंटरफेरॉनला, म्हणजे विषाणू शिरल्यावर पेशी जो धोक्याचा इशारा सोडतात त्याला, प्रतिसाद देण्याची क्षमता काढून टाकलेले उंदीर मात्र आजारी पडतात. म्हणजे पेशीत शिरणं ही पहिली पायरी झाली, आत गेल्यावर प्रतिकारशक्ती काय करते हे वेगळं. वटवाघळंही विषाणू अंगावर बाळगतात आणि त्यांना काही होत नाही. याच कुळातला सीडर विषाणू ऑस्ट्रेलियातल्या वटवाघळांत सापडला. तोही इफ्रिन-बी२ वापरतो, पण त्यामुळे कुणी आजारी पडल्याचं दिसलेलं नाही.

इतर जंतूही या घराण्याचा वापर करतात का?

हो, विशेषतः इफ-ए२चा. एपस्टाईन-बार विषाणू घशाच्या अस्तरपेशींत शिरताना त्याला धरतो. हेपटायटिस सीच्या विषाणूलाही पेशीत शिरताना त्याची मदत होते. तोंडातल्या पेशी कँडिडा बुरशीची चाहूल इफ-ए२च्याच मदतीनं घेतात; म्हणजे इथं तेच प्रथिन आपल्या बाजूनं पहारा देतं.

महाराष्ट्रात निपा आहे का? सोलापूरला धोका?

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं मार्च २०२०मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले होते. त्यातल्या काहींच्या रक्तात निपाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, ही माहिती २०२१ साली प्रसिद्ध झाली. याचा अर्थ आपल्या राज्यातल्या काही वटवाघळांचा या विषाणूशी संबंध आलेला आहे. राज्यात माणसाला निपा झाल्याची नोंद मात्र नाही. घाबरून जाण्याइतकं काही नाही. डॉक्टरांनी लक्षात ठेवण्याइतकं नक्की आहे.

डाळिंब, द्राक्षं, पेरू खावेत का? सांगोल्याच्या बागेत वटवाघळं येतात.

खा की. सोलापुरात राहून डाळिंब सोडायचं म्हणजे अतिच झालं. धुवा, सोला, खा. अर्धवट कुरतडलेलं, दातांचे ओरखडे असलेलं किंवा झाडाखाली पडून फुटलेलं फळ खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. मलेशियात डुकरांपर्यंत विषाणू पोचला तो बहुधा गोठ्यावर झुकलेल्या झाडांच्या उष्ट्या फळांतूनच. बागेला जाळी लावणारे बागायतदार मालाच्या काळजीनं लावतात, पण त्यानं दोन्ही कामं होतात. पडलेली उष्टी फळं गोळा करताना हातमोजे घाला आणि नंतर साबणानं हात धुवा.

आणि नीरा?

फळापेक्षा हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो कुणी विचारत नाही. बांगलादेशात हिवाळ्यात माणसांना निपा होतो तो मुख्यतः खजुरीच्या कच्च्या रसातून. रात्री झाडाला मडकं बांधलेलं असतं, वटवाघळं येऊन रस चाटतात, तिथंच मुततात, आणि सकाळी तो रस ताजा ताजा प्यायला जातो. ते झाड म्हणजेच आपली शिंदी. तिथं झाडाच्या चिरेवर आणि मडक्यावर बांबूचं झाकण बांधलं की वटवाघळांचा शिरकाव थांबतो, हे रात्रीच्या कॅमेऱ्यांनी दाखवलं आहे.

आपल्याकडे नीरेतून निपा झालेला नाही. तरी झाडाला झाकण बांधतात का, एवढं विक्रेत्याला विचारायला काय हरकत आहे? रस उकळून केलेल्या गुळाची काळजी करू नका, उकळल्यावर विषाणू टिकत नाही.

वटवाघळं मारावीत किंवा फटाके लावून हाकलावीत का?

अजिबात नको. हाकललेली वटवाघळं नाहीशी होत नाहीत, पलीकडच्या गावात जातात. शिवाय उपासमार आणि ताण आला की ती विषाणू जास्त बाहेर टाकतात, असं ऑस्ट्रेलियातल्या हेंड्राच्या अभ्यासातून दिसलं आहे. रानातल्या कित्येक झाडांचं परागण आणि बी पसरवणं त्यांच्यावर अवलंबून आहे. त्यांच्या झाडाखाली विहीर असेल तर ती झाका, गुरं दुसरीकडे बांधा, आणि मेलेल्या वटवाघळाला उघड्या हातानं शिवू नका.

औषध देऊन इफ्रिन-बी२ बंद करून टाकलं तर?

कल्पना सुचणं साहजिक आहे, पण आधीची उत्तरं वाचली असतील तर अडचण लगेच दिसेल. मोठ्या माणसाच्या वाहिन्यांनाही हे प्रथिन लागतं. प्रयोगशाळेत सुटं इफ्रिन-बी२ घातलं तर विषाणू त्यालाच चिकटून फसतो, पण तेच सुटं प्रथिन शरीरातल्या इफ रिसेप्टरांनाही जाऊन भिडणार.

म्हणून संशोधकांनी विषाणूच्या बाजूनं हात घातला. एम१०२.४ नावाचं प्रतिपिंड विषाणूच्या प्रथिनावर जिथं इफ्रिन बसतं तीच जागा अडवून धरतं. निरोगी स्वयंसेवकांवर त्याची सुरक्षिततेची चाचणी ऑस्ट्रेलियात झालेली आहे. घोड्यांसाठी हेंड्राची लस तिथं २०१२ सालीच आली. माणसांसाठी मान्यता मिळालेली निपाची लस अजून नाही. ऑक्सफर्डनं त्यांच्या लशीची माणसांवरची पहिली चाचणी जानेवारी २०२४मध्ये सुरू केली.

कुणाला निपाचा संशय आला तर इफ्रिनची तपासणी करायची का?

इफ्रिनची नाही. ते तर प्रत्येकाच्या अंगात आहे. तपासायचा तो विषाणू: घशाचा स्राव, रक्त, लघवी, पाठीच्या कण्यातलं पाणी यांची आरटी-पीसीआर. विषाणू वाढवून अभ्यास करायला सर्वोच्च सुरक्षेची, म्हणजे बीएसएल-४ दर्जाची प्रयोगशाळा लागते. ती पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत आहे. रुग्ण नुकताच साथीच्या भागातून आला असेल, ताप आणि गुंगी असेल, तर सरळ मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या आणि प्रवासाचं आधी सांगा. केरळात २०१८ साली बऱ्याच जणांना लागण रुग्णालयातच झाली होती. भेटायला गर्दी करू नका, डबा घेऊन सगळं घर नेऊ नका. हे सोलापूरकरांना सांगणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे.

कर्करोगाशी याचा संबंध आहे का?

गाठीला वाढायला रक्त लागतं आणि नव्या वाहिन्या फुटतात तिथं इफ्रिन-बी२ आणि इफ-बी४ही असतात. ही जोडी तोडणाऱ्या औषधांच्या चाचण्या झाल्या आहेत. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही 'इफ्रिन' नावाच्या पावडरीशी याचा काडीचाही संबंध नाही.

सोलापुरात बसून यावर प्रोजेक्ट करता येईल का? विषाणू तर मिळणार नाही.

विषाणू नकोच. मोबाईल आणि इंटरनेट पुरे. युनिप्रॉट या मोफत संकेतस्थळावरून माणूस, डुक्कर, घोडा आणि मोठं फळवटवाघूळ यांच्या इफ्रिन-बी२ची अमिनो आम्लांची ओळ उतरवून घ्या. सोबत माणसाचे बी१ आणि बी३ही घ्या. सगळ्या ओळी एकाखाली एक जुळवा. १२० व्या अमिनो आम्लाच्या जरा पुढे तो वळसा येतो. बी२ आणि बी३मध्ये तिथं ल्यूसिन आणि ट्रिप्टोफॅन शेजारीशेजारी दिसतील. बी१मध्ये त्याच जागी टायरोसिन आणि मिथिओनिन. निपा बी२ आणि बी३ला धरतो, बी१ला धरत नाही. २००६ साली संशोधकांनी बी१मध्ये ही दोन अमिनो आम्लं बदलून ल्यूसिन-ट्रिप्टोफॅन बसवली, तर विषाणू त्यालाही धरू लागला. प्रोजेक्टच्या वहीत ती दोन अक्षरं लाल पेनानं गोल करा, आणि व्हायव्हाला 'फक्त दोनच?' असं विचारलं तर २००६च्या या प्रयोगाचं उत्तर द्या.